समोरच्याचं कर्ज: विक्रेत्याची आचारसंहिता

पुण्यातला जुना फ्लॅट विकायला काढलाय, टोकन घेतलंय आणि पेढेही वाटलेत? उरलेले पेढे फ्रीजमध्ये ठेवा. गिऱ्हाईक 'लोन सँक्शन झालंय' म्हणालं, याचा अर्थ बँकेला त्याचा पगार आवडला. तुमचा फ्लॅट आवडायचा अजून बाकी आहे.

त्यासाठी आधी फाइल 'लीगल'ला जाते. बँकेच्या वकिलाला तीस वर्षांचा सर्च आणि बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे मूळ करार हवे असतात. पहिल्या मालकाच्या नोंदणीची पावती हमखास नसते. ती शोधायला माळ्यावर चढावं. पावती मिळत नाही, माळा मात्र साफ होतो, आणि तो तसाही रिकामा करायचाच होता.

मग 'टेक्निकल'. व्हॅल्युएटर हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी पाहून नुसतं 'हं' म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये, चहा द्यावा. त्याचा आकडा तुमच्या किमतीपेक्षा कमी आला की कर्जही आटतं. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांची आहे. उरलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांच्या एफडीतून येते. ती एफडी कधी मॅच्युअर होते ते पाठ करून ठेवा. सासऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी मनापासून करा.

खरी परीक्षा पुढेच. नोंदणीकृत करार पाहिल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. म्हणजे दुय्यम निबंधकासमोर तुमचे अंगठे उमटतात, इंडेक्स टूवर गिऱ्हाइकाचं नाव चढतं, आणि तुमच्या खात्यात टोकनाखेरीज फारसं काही नसतं. म्हणून पैशाची मुदत आणि उशिराचं व्याज करारातच लिहून घ्यावं. (हे गंमत म्हणून सांगत नाही.) एवढ्यात गिऱ्हाईक 'फक्त सुताराला मापं घ्यायची आहेत' म्हणून किल्ली मागेल. सुताराबरोबर स्वतः जावं, टेप धरावी, किल्ली खिशात घालून परत यावं. मेंटेनन्सचं बिल अजून तुम्हीच भरताय, तेवढा अधिकार आहे.

फोन एक दिवसाआड करावा. 'साहेब ट्रेनिंगला गेलेत' हे उत्तर शांतपणे ऐकावं. पितृपक्ष लागल्यास फोनही करू नये; बँक चालू असते, पण गिऱ्हाइकाच्या आई सही करू देत नाहीत.

दरम्यान तुम्ही ज्याचं घर घेताय, तो मालक विचारेल, 'पैसे कधी?' आवाज न चाचरता सांगा, फाइल लीगलला आहे.