आतलं नाही, बाकावरचं

"काय हो काकू, काल भाचीबरोबर कोर्टात गेला होतात म्हणे?"

"तुला बरं लगेच कळतं! हो, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. पोराची पोटगी वाढवून घ्यायला. घटस्फोट झाला तेव्हा तीन वर्षांचा होता, महिना चार हजार ठरले. आता नववीत आलाय. चार हजारांत क्लास तरी होतो का?"

"म्हणजे पुन्हा तारखा?"

"मलाही तेच वाटलेलं. रक्कम बदलायची तर तसा अर्ज करायचा. त्याचं कलम आता १४६, जुलै २०२४पासून. आधीचं १२७ गेलं. पगार, कर्ज, खर्च, सगळं दोघांनी शपथपत्रावर लिहून द्यायचं. २०२०पासून सुप्रीम कोर्टाचा तसा दंडकच आहे. त्यात त्याच्या फ्लॅटचा हप्ता निघाला. दुसरं लग्नही झालंय ना त्याचं. पण जज्जबाई म्हणाल्या, आधी मध्यस्थासमोर बसा."

"मग आत काय झालं?"

"ते नाही सांगायचं."

"मलासुद्धा नाही?"

"अगं, मलाच कुठं आत घेतलं! आणि तिथलं बोलणं बाहेर काढायचं नसतं. उद्या बिनसलं तरी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून तर माणूस मोकळं बोलतो. भाची रिक्षात तोंड मिटून बसलेली, आणि माझ्या पोटात नुसती कालवाकालव."

"ठरलं काय ते तरी सांगा."

"ते कागदावर आलंय, ते सांगते. महिना नऊ हजार आणि दरवर्षी जूनमध्ये दहा टक्के वाढ. शाळेची फी त्यानं थेट शाळेत भरायची. खरं दुखणं तिथंच होतं बघ. दर जूनला हिनं फोन करायचा, त्यानं 'मागच्या महिन्यात दिले ना' म्हणायचं. पैसे परवडले, पण तो फोन नको व्हायचा तिला. आता जज्जबाईंचा हुकूम निघाला की पक्कं. नुसत्या सह्यांवर मी नाही विसंबणार."

"मागे तो एकरकमी देऊन मोकळा व्हायला निघाला होता ना?"

"निघाला होता. पण तो हक्क पोराचा. आईनं सोडला म्हणून सुटतो होय? बरं, आतलं नाही, पण बाहेरच्या बाकावरचं सांगू?"

"सांगा की! त्याला कुठं बंदी आहे!"

"ही सही करायला गेली होती. तो येऊन माझ्याशेजारी बसला. इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नव्हता माझ्याशी. जरा वेळ मोबाइल चाळला, मग हळूच म्हणाला, 'मावशी, त्याच्या बुटाचा नंबर काय आता?'"

"अगं बाई! मग?"

"मला कुठं ठाऊक! विचारून सांगते म्हटलं. तुझाही नववीतच ना? त्याचा कितीचा?"

"आठ."

"आठ? एवढा?"