बोंबलाचे उत्तरकार्य

तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते, आणि तिथल्या पर्यावरण प्रयोगशाळेत मासळी, दूध, भाजीपाला यांचे नमुने भाजून, राख करून किरणोत्सर्ग मोजतात. बोंबलाचं इतकं शास्त्रोक्त उत्तरकार्य अन्यत्र होत नसावं. प्रकल्पामुळे जनतेला वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. निसर्ग जगभर सरासरी २.४ देतो, तोही विनापरवाना.

हे सारं मोजणाऱ्या किरणोत्सर्ग-सुरक्षातज्ज्ञाची पंचाईत अशी की काम चोख झालं म्हणजे काहीच घडत नाही. मग खर्चकपातीच्या बैठकीत कुणीतरी साहेब विचारणारच, ‘‘इतकी वर्षं काही झालं नाही, मग एवढी माणसं कशाला?’’

सोसायटीतल्या काकांना मात्र या तज्ज्ञाच्या ज्ञानाची कदर असते. ‘‘गच्चीवर मोबाइलचा टॉवर घेऊ ना रे? भाडं चांगलं देतायत.’’