शिवाराची एकजूट

वरुड-मोर्शीच्या संत्र्यांपासून अकोटच्या केळीपर्यंत वऱ्हाडात आता प्रगतीला तोटा नाही. वावरातल्या डब्यात चार चॅनलचा रिसीव्हर बसला आहे. खिशातल्या रिमोटनं 433 मेगाहर्ट्झवर हुकूम सोडायचा, की रिले 'टक्' करतो: पहिल्यावर मोटार, दुसऱ्यावर रानडुकरांचं झटका मशीन, तिसऱ्यावर केबलचोरांसाठी भोंगा. थ्री फेज बरेचदा रात्रीची येते हेही सोयीचंच. डुक्कर, चोर आणि मालक तिघांची पाळी एकच.

मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटोस्विचवर महावितरण मात्र उगाच रुसलेलं. लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते, म्हणून ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, अशी विनवणी चालू असते. अहो, अख्ख्या शिवाराची अशी एकजूट सहकाराला शंभर वर्षांत साधली नाही!

पुढची पायरी उघड आहे. रिसीव्हर थेट शेतकऱ्यालाच बसवावा. लाइन आली की तो आपोआप उठेल, गेली की निजेल. ऑटोस्विचचा खर्च वाचेल.

चौथं चॅनल तेवढं रिकामं होतं. त्यावर काय जोडायचं, असं दुकानदाराला विचारलं.

"थे लाइनीसाठी हाय, भाऊ," तो म्हणाला, "पण त्याचा रिमोट मुंबईले असते."