सर्वपरीक्षाविशारद पिता

महाराष्ट्राच्या शहरी आणि निमशहरी मध्यमवर्गात गेल्या दोन-तीन दशकांत जे सामाजिक नमुने उदयास आले, त्यांत प्रवेशपरीक्षांचा व्यासंग करणाऱ्या पित्याचे स्थान बरेच वरचे असूनही समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब होय. हा पिता साधारणतः पंचेचाळिशी ओलांडलेला असतो, बँकेत, विमा कंपनीत किंवा एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरीला असतो आणि स्वतः बारावीला रसायनशास्त्रात काठावर उत्तीर्ण झालेला असतो. अपत्याची दहावी संपते न संपते तोच तो नवी वही आणतो, तिच्या पहिल्या पानावर वरच्या बाजूला ‘श्री’ घालतो आणि खाली रकाने आखतो. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षे अपत्याने विषयांचा अभ्यास करायचा आणि पित्याने परीक्षांचा, अशी कामाची वाटणी घरात होऊन जाते. या दोहोंपैकी पित्याचा अभ्यास अधिक नेटाने होतो, हे वेगळे सांगायला नको.

त्याच्या व्यासंगाचे क्षेत्र मुख्यतः तीन परीक्षांनी व्यापलेले असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या शाखांसाठी राज्याचा सीईटी कक्ष एमएचटी-सीईटी घेतो. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, जानेवारी आणि एप्रिल अशी वर्षातून दोनदा जेईई मेन घेते, जिच्यातून वर आलेल्या सुमारे अडीच लाखांनाच आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसता येते. आणि वैद्यकीय शाखांकडे जाणाऱ्यांसाठी मे महिन्यातली नीट असते. ज्याला पत्नीचा वाढदिवस दरवर्षी शेजाऱ्यांकडून कळतो, त्या पित्याला या तिन्ही परीक्षांची गुणपद्धती झोपेतून उठवून विचारली तरी अचूक सांगता येते. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, ज्याला ‘निगेटिव्ह मार्किंग’ म्हणतात. सीईटीत असे काही कापले जात नाही, मात्र गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रश्नाला एक गुण असतो. यावरून ‘सीईटीत एकही गोल कोरा सोडायचा नाही’ हे सूत्र त्याने तयार केलेले असून ते तो रोज जेवताना ऐकवतो. सीईटी संगणकावर होते आणि तीत काळे करायचे गोलच नसतात, हे अपत्य एकदा सांगून पाहते आणि मग वरणाची वाटी पुढे ओढते.

कोणत्या परीक्षेवर भर द्यावा, याचा निर्णय हा पिता शास्त्रीय पायावर घेऊ पाहतो आणि त्यासाठी सेकंदांचा हिशेब मांडतो. सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असल्याने प्रत्येकी २ मिनिटे २४ सेकंद मिळतात. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटे, असा सरळ व्यवहार असतो. यावरून सीईटी ही वेगाची आणि जेईई ही खोलीची परीक्षा, असा सिद्धान्त निघतो, जो क्लासवालेही सांगतात आणि जो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु आपले अपत्य वेगाचे की खोलीचे, हे ठरवण्यासाठी हा पिता जी निरीक्षणपद्धती वापरतो, ती सर्वस्वी त्याची स्वतःची असते. मुलाला आंघोळीला चाळीस मिनिटे लागतात, यावरून त्याची प्रकृती अ‍ॅडव्हान्स्डची आहे, असे अनुमान निघते. तोच मुलगा पावभाजी समोर आली की दहा मिनिटांत ताट रिकामे करतो, तेव्हा ते अनुमान डळमळते आणि वहीत सीईटीच्या रकान्यात नवी नोंद होते. मुलाला घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडवायला बसवावे आणि काय ते पाहावे, ही सूचना आई वेळोवेळी करते; पण ती फारच साधी असल्यामुळे विचारात घेतली जात नाही.

या पित्याची थट्टा करणे सोपे असले, तरी त्याच्या संशयी स्वभावामागे इतिहास आहे, हे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे प्रवेश २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्याच्या सीईटीऐवजी जेईई मेन आणि बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरून झाले आणि २०१६ मध्ये सीईटी परत आली. नीटची कथा याहून नाट्यमय असून ती २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तिला पुन्हा उभे केले आणि त्या उन्हाळ्यात राज्याच्या सीईटीची तयारी केलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न केंद्राने वटहुकूम काढून एका वर्षापुरता सोडवला. ज्या वर्गाने बारावीच्या ऐन मोसमात परीक्षाच बदलताना पाहिली, त्या वर्गाने कोणत्याही एका परीक्षेवर विसंबणे सोडले, तर दोष त्याचा म्हणता येत नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचे २०१६ साली काय झाले, हे या पित्याला तोंडपाठ असते आणि पाहुण्यांनाही ते ऐकावे लागते.

त्यामुळे वहीतल्या सगळ्या तुलनेचा शेवट एकाच निष्कर्षात होतो, आणि तो म्हणजे ‘सेफ साइड म्हणून सगळेच फॉर्म भरून ठेवू’. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन मुलाला पीसीएमबीला घातले जाते, सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांची फी भरली जाते आणि गोव्याच्या समुद्राजवळ शाखा असल्याच्या कारणावरून मुलगा एरवी कधी नव्हे ती उत्सुकता दाखवतो म्हणून बिट्स पिलानीची बिटसॅटही यादीत येते. प्रवेश ‘इंटिग्रेटेड’मध्ये घेतलेला असतो, म्हणजे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि महाविद्यालयाशी संबंध प्रात्यक्षिक परीक्षेपुरता, अशी ती व्यवस्था असते. प्रत्येक अर्जावर मोबाइल क्रमांक पित्याचाच दिलेला असल्यामुळे सगळे ओटीपी त्याच्या फोनवर येतात, आणि कार्यालयातल्या बैठकीत फोन वाजला की तो ‘आमची यंदा बारावी आहे’ एवढेच सांगून बाहेर जातो.

परीक्षेच्या दिवशी हा नमुना केंद्राबाहेर विपुल आढळतो. नीटला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट चालत नाहीत, हे त्याने महिनाभर आधी वाचलेले असते. त्यामुळे मुलगा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि चपलांत तयार असतो, आणि पित्याच्या पिशवीत तरीही एक कात्री असते, जी शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीच्या बाह्यांसाठी उपयोगी पडते. फाटक बंद झाल्यावर झाडाखाली वर्तमानपत्र अंथरून बसलेल्या पित्यांमध्ये जी चर्चा होते, तीत अभ्यासक्रमाचा उल्लेख सहसा येत नाही. कोणती शिफ्ट सोपी गेली, कोणत्या तारखेचा पेपर ‘लेंदी’ होता आणि नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांचे गुण एका मापात आणण्याच्या प्रक्रियेत, कोणाचे किती जातात, यावर ती चालते. एका दिवशी, एकाच वेळी होणाऱ्या नीटला हा प्रश्नच लागू होत नाही, असे कोणी लक्षात आणून दिल्यास त्याच्याकडे नवशिका म्हणून पाहिले जाते.

निकालात सीईटी आणि जेईई मेन पर्सेंटाइल देतात. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण शेकडा किती जणांना पडले, ते सांगणारा हा आकडा असून तो दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत छापला जातो. ‘९२’ ऐकताच आजी देवापुढे साखर ठेवते आणि पेढे आणायला सांगते. लाखो परीक्षार्थींत ९२ म्हणजे आपल्या पुढे हजारोंची रांग, हे जाणणारा पिता मात्र भिंतीकडे पाहत राहतो. पेढे शेवटी येतात, कारण आजीला पर्सेंटाइल समजावून सांगण्याची ती वेळ नसते.

यानंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, सुरू होते आणि पिता आपल्या पूर्ण भरात येतो. पारदर्शक फोल्डरमध्ये अधिवास, उत्पन्न, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर असे जे जे लागू असेल ते, मूळ प्रत आणि तीन-तीन झेरॉक्स, या क्रमाने लावलेले असते. महाविद्यालये त्याला आता नावाने आठवत नाहीत. ३०१२ म्हणजे माटुंग्याचे व्हीजेटीआय, असा त्याचा व्यवहार कोडमध्ये चालतो आणि गेल्या वर्षीचे कटऑफ तो गृहविद्यापीठाच्या व बाहेरच्या जागांसह सांगतो. पसंतिक्रमाची शेकडो कलमे तो रात्री दोनपर्यंत वरखाली करतो, कारण पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि मग पुढच्या फेरीचे दार बंद. मुलाला यंत्र अभियांत्रिकी हवी होती, हे त्याने अकरावीपासून चारदा सांगितलेले असते. वहीत त्या विषयाला रकाना नसल्यामुळे ते कुठे लिहिले गेलेले नसते.

प्रवेश होतो, बहुधा दुसऱ्या फेरीत, बहुधा ठीकठाक ठिकाणी. पहिल्या सत्राची दिवाळीची सुटी लागते तेव्हा मुलाने अभियांत्रिकी यांत्रिकीचे पुस्तक अजून विकत घेतलेले नसते. पण पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेटमध्ये एका गुणाच्या पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक तृतीयांश गुण कापला जातो आणि संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना काहीच कापले जात नाही, हे पित्याला फराळाला आलेल्या प्रत्येकाला सांगता येऊ लागलेले असते.