सहीपुरता कर्ता

माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं की नसतं, यावर तत्त्वज्ञ दोन हजारांहून अधिक वर्षं भांडताहेत. त्यांच्यापैकी कुणीही आमच्या घरच्यांबरोबर उडप्याच्या हॉटेलात आलेलं नाही, हे उघड आहे.

तिथे मेन्यूकार्ड हाती पडलं की प्रत्येक जण ते पहिल्या पानापासून वाचायला घेतो. पंजाबी, चायनीज, पिझ्झा, सगळ्यांवर साधकबाधक चर्चा होते. ‘आज काहीतरी वेगळं घेऊ या’ हा ठराव एकमताने संमत होतो. मग मी मसाला डोसा मागवतो, बायको म्हैसूर मसाला, मुलगा पावभाजी, आणि आई ‘मला काही नको, तुमच्यातलंच चाखेन’ म्हणते. आमची चर्चा ऐन रंगात आलेली असतानाच वेटरने आत ऑर्डर सांगितलेली असते, असा माझा दाट संशय आहे. डोसा फारच लवकर येतो.

वेटरला जे केव्हाच कळलं होतं, ते शास्त्रज्ञांना कळायला १९८३ साल उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोत बेंजामिन लिबेट यांनी काही जणांच्या डोक्याला तारा लावल्या आणि सांगितलं, ‘मनात येईल तेव्हा मनगट हलवा.’ समोर एका तबकडीवर ठिपका गरागरा फिरत होता. मनगट हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता, एवढं लक्षात ठेवायचं. हिशेब जुळवल्यावर निघालं असं, की हात हलण्याच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीची लाट उठते, आणि ‘चला, हलवू या’ असं त्या माणसाला वाटतं ते जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे तयारी आधी सुरू, मालकाला बातमी मागाहून.

यावर तिकडे मोठी खळबळ उडाली. महाराष्ट्रातल्या विवाहित पुरुषाला मात्र यात नवीन काय, तेच कळणार नाही. पडदे कुठल्या रंगाचे, दिवाळीत कुणाकडे जायचं, मुलाला कुठला क्लास लावायचा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. नंतर ‘अहो, तुम्हाला काय वाटतं?’ अशी विचारणा होते. आपण घसा खाकरून मत देतो, आणि निर्णय आपणच घेतला या समजुतीत सुखाने म्हातारे होतो. मेंदूही आपल्याला असंच वागवतो. घरात काय आणि डोक्यात काय, मी सहीपुरता कर्ता!

२००८ मध्ये जर्मनीत जॉन-डिलन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं. डावं बटण दाबायचं की उजवं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्याचं त्याला कळण्याच्या सुमारे सात सेकंद आधीच मेंदूच्या चित्रावरून अंदाज बांधता येत होता. अंदाज बरोबर यायचं प्रमाण साधारण ६० टक्के. नाणं उडवूनसुद्धा ५० टक्के जमतं, तेव्हा त्या अवाढव्य यंत्राची निव्वळ कमाई दहा टक्के. आमच्याकडे यंत्र नाही. मी खुर्चीतून नुसता उठलो की बाहेरून आवाज येतो, ‘लाडवांचा डबा वर ठेवलाय हं.’ त्या वेळी आपण पाणी प्यायला उठलोय, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत असते.

पुढे २०१२ मध्ये आरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी लिबेट यांच्या लाटेचा निराळा अर्थ लावला. मेंदूत चुळबूळ अखंड चालूच असते, ती चढता चढता एका पातळीला पोचली की हात हलतो, आणि मागाहून सरासरी काढली की ती चुळबूळ तयारीसारखी दिसते. म्हणजे आपल्यामागे कट शिजत नव्हता. हे ऐकून बरं वाटायला हवं. पण आपले निर्णय म्हणजे पातळी ओलांडलेली चुळबूळ, हेही काही चारचौघांत सांगण्याजोगं नाही.

आपल्याकडे हा घोळ जास्त वरच्या दर्जाचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतात, की लढणार नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावेलच. ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवून फिरवतो आहे, असंही सांगतात. आणि लगेच एका श्लोकाआड म्हणतात, आता तुला हवं तसं कर. एवढं संपूर्ण स्वातंत्र्य पदरात पडल्यावर अर्जुन काय म्हणाला? तुम्ही सांगाल तसं करतो! लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याचं एक अख्खं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना दिलं, तेही १९१०-११च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीने लिहून. आम्हाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, सहाच्या गजराला उठण्याइतकंही आत्मस्वातंत्र्य सापडत नाही.

मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी तर २०२३ मध्ये ‘डिटरमाइन्ड’ या पुस्तकात इच्छास्वातंत्र्य मुळातच नाही, असं ठणकावून सांगितलं. आपण जे करतो त्यामागे क्षणापूर्वीचा मेंदू, सकाळचे हार्मोन्स, बालपण, जनुकं, पूर्वजांची संस्कृती अशी रांगच्या रांग उभी असते. हा विचार मला फार भावला. रविवारी गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलायची राहिली, तेव्हा मी बायकोला शांतपणे समजावलं, की यात माझा दोष नाही, कारणपरंपरा पार आदिमानवापर्यंत जाते.

‘पटलं,’ ती म्हणाली. ‘मग मी आता जे बोलणार आहे, त्यातही माझा दोष नाही.’

पुढचा अर्धा तास आदिमानवाच्या नावावर जमा झाला. स्टोइक पंथाच्या झेनोचीही अशीच कथा सांगतात. चोरी करताना सापडलेला गुलाम म्हणाला, चोरी माझ्या नशिबातच होती. झेनो म्हणाला, मारही होता. तात्पर्य, नियतिवाद दोघांनाही पाठ असला की त्याचा उपयोग संपतो.

खुद्द लिबेट यांनी मात्र हात टेकले नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की इच्छा कुठूनही उगवो, ती जाणवल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला तिला ‘नको’ म्हणायची संधी असते. इच्छा होणं आपल्या हाती नसेल, ती मोडणं आहे. लिबेट यांना एकदा लग्नाच्या पंगतीत बसवायला हवं होतं. पानावर दोन्ही हात आडवे धरून ‘नको, नको’ म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडण्याची कला ज्या समाजाने साधली आहे, तिथे नकाराधिकाराचा सिद्धांत वरणभाताच्या पुढे टिकणं अवघड.

तरीही मी लिबेट यांच्याच बाजूचा आहे. सहीपुरत्या कर्त्यालाही एक गोष्ट करता येतेच: सही न करणं. म्हणून वाचकहो, एकच विनंती. ‘हळदीने मधुमेह आठ दिवसांत कायमचा बरा’ असा निरोप उद्या सकाळी तुमच्या फोनवर येईल. तो पुढे ढकलायची ऊर्मी तुमच्या जनुकांत, संस्कारांत किंवा चुळबुळीत कुठेही उगम पावलेली असो. अंगठा टेकण्याआधीचे ते २०० मिलिसेकंद मात्र तुमचे आहेत. ते वापरा. आणि नाहीच जमलं, तर निदान मला पाठवू नका.