शेवटची मॅच, पुढच्या रविवारी

आमच्या टीमचे दादा आतापर्यंत चार वेळा निवृत्त झाले आहेत. पहिल्या वेळी आम्ही खरोखर रडलो. दुसऱ्या वेळी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तिसऱ्या वेळी दादा तीच शाल घडी घालून घरून घेऊन आले, म्हणाले, "मंडळाला खर्च कशाला?" चौथ्या वेळी नुसताच नारळ दिला. मराठीत 'नारळ देणं' याचा अर्थ काय होतो, हे भोपाळात तीन पिढ्या काढलेल्या माणसालाही कळायला हरकत नव्हती. पण पुढच्या रविवारी सकाळी सहाला दादा स्टिक घेऊन ग्राउंडवर हजर, आणि हातात डबा. डब्यात त्याच नारळाच्या वड्या.

दादा सेंटर हाफ. म्हणजे टीमचा सगळा खेळ त्यांच्या स्टिकवरून वाहतो, निदान पंचवीस वर्षांपूर्वी वाहत असे. आता तो तिथे येऊन तुंबतो. "पळायचं चेंडूनं, माणसानं नाही," हे त्यांचं तत्त्व. गुडघे गेल्यापासून ते त्यांनी अधिक ठामपणे मांडायला घेतलं आहे. पास मात्र अजून देखणा. म्हणूनच पंचाईत. माणूस साफ संपला की निरोप देणं सोपं असतं. दादा दहा पासांतला एक असा काढतात की उरलेल्या नऊंबद्दल बोलायला तोंड उघडत नाही.

असे दादा प्रत्येक कॉलनीत असतात. नाटकात पंचावन्नाव्या वर्षी नायक होतात, भजनात पेटी सोडत नाहीत. आमचे हॉकीत निघाले, कारण गाव भोपाळ. इथल्या जुन्या मोहल्ल्यांत दुकानांपुढे दगडी पटिये असतात. रात्री दुकानं मिटली की त्यांवर बैठका बसतात आणि मिठाच्या चहावर हॉकीचे सामने पुन्हा खेळले जातात. आम्ही तात्या टोपे नगरातली मंडळी, आमच्याकडे पटिया नाही. सिमेंटचा कट्टा आहे. दादांनी त्याचा पटिया केला. दर मार्चमध्ये ते तिथे बसून म्हणतात, "या सीझनचं मी अजून फैसला नाही केला." आमची भोपाळी मराठी ही अशी. पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.

हा फैसला एप्रिलात होत नाही, मेमध्ये होत नाही. जूनमध्ये गुडघ्याचा डॉक्टर बदलतो. वहिनी पूर्वी दर निवृत्तीला स्टिक माळ्यावर टाकत. आता दारामागेच ठेवतात, "पुन्हा शिडी कोण काढणार?"

दादांकडे दाखले भरपूर. पहिला अर्थातच धोनी. त्यानं २०२२ मध्ये जडेजाकडे कप्तानी दिली आणि महिनाभरात परत घेतली. २०२४ मध्ये आपल्या ऋतुराज गायकवाडला दिली, तर पुढच्या वर्षी ऋतुराज जखमी होऊन पुन्हा धोनीच. "बघा, द्यायची म्हटली तरी देता येत नाही," दादा सुस्कारा टाकतात.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं दुसरा दाखला पुरवला. ग्रीन बे नावाच्या गावी फुटबॉलचा संघ आहे. (तिकडचा फुटबॉल हातात धरून पळतात. दादांनी यावर बराच वेळ मान हलवली.) तिथला ब्रेट फार्व्ह २००८ च्या मार्चमध्ये भर पत्रकार परिषदेत रडत निवृत्त झाला आणि उन्हाळ्यात म्हणाला, मी येतो. तोवर क्लबनं तीन वर्षं बाकावर बसलेल्या ॲरन रॉजर्सला जागा दिली होती. फार्व्हला न्यूयॉर्कच्या संघात पाठवलं. पंधरा वर्षांनी तोच रॉजर्स, खेळू की नको हे ठरवायला अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला, आणि शेवटी त्याच न्यूयॉर्कच्या संघात गेला. दादांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मला कुठे पाठवणार? विदिशाला?"

विदिशाला विचारून झालं होतं. ते नको म्हणाले.

पण खरा दाखला १९७५चा. त्या वर्षी 'शोले'त सूरमा भोपाली आला आणि क्वालालंपूरला अस्लम शेर खान. दादांमध्ये दोघंही थोडे थोडे आहेत, प्रमाण मला सांगता येणार नाही. वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर मलेशिया, भारत १-२ नं मागे, वेळ संपत आलेली. भोपाळचा अस्लम बदली म्हणून आत येतो, ताविजाचं चुंबन घेतो, पेनल्टी कॉर्नरवर गोल. जादा वेळेत हरचरणसिंगचा गोल, मग फायनलला पाकिस्तान २-१. दादा हे सांगताना ताविजापाशी नेहमी थांबतात आणि स्वतःच्या गळ्याला हात लावतात.

यंदा कट्ट्यावर एक नवा पोरगा होता. वय सतरा, छातीत फुप्फुसं चार. त्यानं निरागसपणे विचारलं, "दादा, अस्लमसाहेब आत आले, तर बाहेर कोण गेलं?"

"मायकेल किंडो."

"चांगले नव्हते?"

"फार चांगला. ऑलिम्पिक खेळलेला."

पुढे कोणी बोललं नाही. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना दादा अस्लम होते. किंडोच्या जागी उभं राहून ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी चहा मागवला, आणि दोनदा साखर घातली.

मी विषय बदलायला म्हणालो, इटारसीकडचा विवेक सागर प्रसाद सतराव्या वर्षी भारताकडून खेळला. तेही चुकलंच माझं.

त्यानंतरच्या रविवारी अंपायरनं शिट्टी वाजवली तेव्हा दादा गुडघ्याची पट्टी बांधत होते. एकदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. कोणी काही ठरवलं नाही. कोणी त्यांना नको म्हटलं नाही. पोरगा मधे जाऊन उभा राहिला आणि चेंडू त्याच्याकडे गेला, एवढंच. हॉकीत आता कितीही वेळा बाहेर येऊन आत जाता येतं. हा नियम दादांसाठीच केलाय असं आम्ही म्हणत असू. तेव्हा आशेला जागा होती.

शेवटच्या दहा मिनिटांत पोराच्या पोटरीत गोळा आला. लंगडत कडेला येऊन त्यानं स्टिक उंच केली. "दादा, पाच मिनिटं येता का?"

आम्ही सगळे वळून पाहू लागलो. दादा उठले. पट्टी नीट केली. मैदानाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग गुडघ्याकडे.

"विचार करून सांगतो," म्हणाले.

तोवर खजिनदार आत धावला होता.