आंबोलीच्या जळूस अनावृत पत्र

प्रति,
जळू,
मु. पो. पालापाचोळा, खोली क्र. ४ च्या मागची पायवाट,
आंबोली, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

कृ. सा. न. वि. वि.

नावाआधी काही लावलेले नाही, याचा राग नसावा. श्री. लिहावे की सौ., यावर बराच वेळ अडलो होतो. शाळेत शिकलो होतो की आपण एकाच देही नरही असता आणि मादीही. शंकराला अर्धनारीनटेश्वर व्हायला पुराणे लागली, आपण जन्मतःच तशा. तेव्हा नुसतेच 'जळू' लिहितो. पत्र अनावृत आहे, म्हणजे उघडे. त्या दिवशी माझा घोटाही उघडाच होता, त्यामुळे आपल्याला हे वाचायला संकोच वाटू नये.

पत्रास कारण की, गेल्या आषाढातल्या एका शनिवारी दुपारी आपण माझे रक्त प्यायलात. परवानगी नाही, पूर्वसूचना नाही, पावती नाही. त्याचा जाब विचारावा म्हणून मी कागद पुढे ओढला. पण जमाखर्च मांडत गेलो तसतशी बाकी भलत्याच खात्यावर निघू लागली. म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

मी उतरलो होतो ते ठिकाण आपल्या माहितीतले आहे. आपण तिथल्या मूळ रहिवासी, मी दोन रात्रींचा. नाव घेत नाही, कारण बिल अजून पाकिटात आहे. 'इको' हा शब्द तिथे फाटकावर होता, उशीवर होता, पोऱ्यांच्या टोप्यांवर होता आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवरही होता. रात्रीचे साडेनऊ हजार, कर वेगळा. खोलीत बांबूचा दातब्रश ठेवलेला. तो कागदी डबीत, डबी प्लास्टिकच्या वेष्टनात. छपरावर सौरऊर्जेची तावदाने होती, फक्त आषाढातल्या आंबोलीत सूर्य नव्हता. म्हणून मागच्या बाजूला डिझेलचा जनरेटर रात्रभर खोकत बसायचा. पलंगाशेजारी एक कार्ड होते: 'पाणी अनमोल आहे. टॉवेल पुन्हा वापरून निसर्गाला हातभार लावा.' खिडकीबाहेर कोसळत होता तो पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे आमच्या पुण्याच्या दहापट. टॉवेल पुन्हा वापरायला माझी काहीच हरकत नव्हती. तो दोन दिवसांत एकदाही वाळला नाही, एवढेच.

अशा त्या आवारात आपली माझी गाठ पडली. खोलीपासून जेवणघरापर्यंत शंभरेक पावले असतील. पायवाट ओल्या पानांची, दोन्ही बाजूंना अंजनी आणि जांभळीची झाडे, खोडांवर शेवाळ. आपण एका पानावर मागचे टोक रोवून, पुढचे टोक हवेत झुलवत उभ्या होतात. पुस्तकात आहे की आपल्याला डोळ्यांच्या पाच जोड्या असतात आणि पावलांचा हादरा, श्वास, अंगाची ऊब यांवरून आपण पाहुणा ओळखता. स्वागतकक्षातल्या मुलाला दोनच डोळे होते आणि ते मोबाइलवर होते. त्या संपूर्ण जागेत माझ्या येण्याची मनापासून दखल कोणी घेतली असेल, तर ती आपण.

आपण कधी चढलात ते कळले नाही. कळले ते जेवताना, हिने टेबलाखाली बोट दाखवून किंकाळी फोडली तेव्हा. एक मीठ घेऊन धावला, एकाने लायटर काढला, तिसऱ्याने तंबाखूची पुडी सोडली. तेवढ्यात ताटे वाढणारे गावातले काका शांतपणे म्हणाले, "ऱ्हवांदे सायबानू. पोट भरला की आपसूक पडतली." आणि खरोखर, अर्ध्या तासाने आपण टपोऱ्या करवंदासारख्या होऊन जमिनीवर पडलात आणि वीत मोजल्यासारख्या चालत फरशीच्या कडेने निघून गेलात. मागे वळून पाहिले नाहीत. 'आणखी काही घेणार का?' असे विचारायचीही सोय ठेवली नाहीत.

घोट्यावर तीन जबड्यांची तीन रेघांची खूण राहिली, हुबेहूब मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखी. या जन्मात मर्सिडीज माझ्या इतक्या जवळ पुन्हा येईल असे वाटत नाही. रक्त मात्र थांबेना. आपल्या लाळेत ते गोठू न देणारे द्रव्य असते. रात्री चादरीला डाग लागला आणि सकाळी बिलात 'विशेष धुलाई' अशी ओळ वाढली. तर आपण घेतलेत चमचाभर रक्त आणि ते सांडल्याबद्दल माणसांनी घेतले साडेतीनशे रुपये. जाब कोणाला विचारावा, हा घोळ इथून सुरू झाला.

मराठीत आम्ही सावकाराला जळू म्हणतो. या बदनामीबद्दल आधी माफी मागतो. पोट भरल्यावर गळून पडणारा सावकार मी ऐकलेला नाही. चक्रवाढ व्याज आपल्याला माहीत नाही, आपण गहाणखत करून घेत नाही आणि एकदा जेवलात की कित्येक महिने दुसऱ्याच्या दारात जात नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आमची. पाळता ती आपण.

उलटा हिशेब काढला तर आमचीच मान खाली जाते. सुश्रुताने बारा प्रकारच्या जळवा सांगितल्या, सहा विषारी आणि सहा निर्विष, आणि त्यांच्याकरवी रक्त काढणे हा सगळ्यांत सौम्य उपाय ठरवला. तो कोणासाठी? राजे, धनिक, भित्रे आणि सुकुमार यांच्यासाठी. ही यादी वाचल्यावर मला त्या जेवणघरातली टेबले एकेक करून आठवली. युरोपात तर आपल्या पाण्यातल्या भावकीला डॉक्टरांनी सरसकट कामाला जुंपले. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणवल्या. तळीच्या तळी उपसली गेली आणि कित्येक ठिकाणी जळू दिसेनाशी झाली. रक्त पिण्याचा आरोप आपल्यावर, पण कोणी कोणाला संपवले ते दप्तरी नोंद आहे.

१८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात जॉर्ज मेरीवेदर नावाच्या डॉक्टरांनी एक यंत्र मांडले होते. गोलाकार ठेवलेल्या बारा बाटल्यांत बारा जळवा आणि मध्ये घंटा. वादळ येणार असले की जळवा वर चढायच्या आणि घंटा वाजायची. बाटल्या गोलात का, तर जळवांना एकमेकींचा चेहरा दिसावा, एकटे वाटू नये. इतका विचार तर त्या लॉजवर माझ्यासाठीही कोणी केला नव्हता. अर्थात मेरीवेदरांचे यंत्र आंबोलीत चालले नसते. जूनमध्ये वाजू लागलेली घंटा सप्टेंबरपर्यंत थांबली नसती.

अलीकडचे शास्त्रज्ञ आपल्याला अधिक मानाने वागवतात. २०१२ साली व्हिएतनामच्या जंगलातल्या २५ जळवांच्या पोटातले रक्त तपासले गेले, तेव्हा कॅमेऱ्याला सहसा न सापडणाऱ्या दुर्मीळ सशाचा आणि भेकराचा पत्ता लागला. प्यायलेल्या रक्ताची ओळख आपल्या पोटात चार महिन्यांहून अधिक टिकते म्हणे. म्हणजे आपण जंगलाच्या तलाठी, सातबारा पोटात घेऊन फिरणाऱ्या. गवा, सांबर, भेकर, साळिंदर आणि त्यांच्या खाली मी, रा. कोथरूड. माझे नाव इतक्या चांगल्या यादीत याआधी कधीच लागलेले नाही.

आता रविवार सकाळच्या न्याहारीचे सांगतो, कारण विषय आपल्या जिवाशी येतो. मंडळींच्या तक्रारी चालल्या होत्या. कोणाला बेडकांनी रात्रभर झोपू दिले नव्हते. कोणाच्या मोबाइलला रेंज नव्हती. एक गृहस्थ म्हणाले, "जंगल मस्त आहे हो, पण ओलं फार." ज्या बेडकांची तक्रार होती, त्यांतलाच एखादा मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे बांधून बसलेला असणार. आदल्या संध्याकाळी कोणी तरी त्याला नीट 'पोझ' द्यावी म्हणून काडीने तीनदा सरकवून बसवले होते. शेजारच्या झुडपातल्या चापड्यालाही तोच मान मिळाला. साप विषारी आहे हे कळल्यावर काडी लांब झाली, एवढाच फरक. तिथल्या कातळावर पिवळाधमक होऊन बसणारा आंबोलीचा भेक जगात फार थोड्या जागी उरला आहे, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न आला, "मग तो इथे रूमजवळ नाही का दाखवता येणार?"

आणि तरीही त्यातल्या एका रात्रीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ते काका आम्हांला जेवणानंतर थोडे आत घेऊन गेले आणि म्हणाले, "आता बॅटरे बंद करा." पहिली पाच मिनिटे काहीच नव्हते, फक्त पानांवरून निथळणारे पाणी आणि अंधार. मग पायाशी कुजलेल्या एका फांदीची कड दिसू लागली. पांढरटही नाही, हिरवीही नाही, अशी थंड उजळ रेघ. नंतर दुसरी, मग आख्खा ओंडका. बुरशी उजळत होती. आमच्यातल्या कोणाला बोलावेसे वाटले नाही, हा तिथला पहिला चमत्कार. अखेर एकाने विचारलेच, "हे लायटिंग किती वाजेपर्यंत चालू असतं?" काका म्हणाले, "तुमचा चालू होयसर." हसू आले. खोलीवर परतलो तोवर घोट्यावर आणखी दोघी भेटून गेल्या होत्या. त्या वेळी मी किंचाळलो नाही, याची आपल्या दप्तरी नोंद व्हावी.

तर न्याहारीच्या टेबलावर व्यवस्थापकांनी सर्वांना हात जोडून शब्द दिला. पुढच्या हंगामापर्यंत पायवाटांवर पेव्हर ब्लॉक, दर दहा पावलांवर दिवा, पालापाचोळा रोज यंत्राने उडवून साफ आणि आठवड्याला फवारणी. टाळ्या पडल्या. पाला गेला की ओल गेली, ओल गेली की आपण गेलात, आपल्यामागून किडे आणि किड्यांमागून बेडूक. दिवे आले की ती बुरशी उजळली काय आणि न उजळली काय. त्यानंतर ही मंडळी पुन्हा येतील आणि तक्रारवहीत लिहितील की इथे बेडूक कसे दिसत नाहीत.

आपल्या रक्षणासाठी सरकार आहेच, असे म्हणून धीर दिला असता. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ साली दिला. पाठोपाठ कस्तुरीरंगन समितीचा आला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ साली निघाला आणि २०२४ च्या जुलैत सहावा मसुदा निघाला. पोट भरले की गळून पडावे, हा आपला कायदा एकाच मसुद्यात अमलात आला होता. आमच्याकडे मसुदा पक्का होईपर्यंत पेव्हर ब्लॉक पक्के होतात.

आता पत्राचे खरे कारण सांगतो. इतका वेळ लपवले होते. निघताना स्वागतकक्षात एक अभिप्रायवही पुढे आली. हातमागाच्या कापडाची बांधणी, आत झाडाचे चित्र. घोट्याला पट्टी होती, बिल नुकतेच भरले होते, हिच्या नजरेत कालची किंकाळी अजून होती. मी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'परिसर रमणीय. जेवण उत्तम. जळवांचे काही तरी करावे.' खाली सही केली, पूर्ण नावाने. व्यवस्थापकांनी वाचून मान डोलावली आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारली. आपल्या शेजारच्या पायवाटेवर पुढेमागे जो ब्लॉक पडेल, त्यातल्या एकावर माझे नाव असणार.

ती ओळ मी या पत्राने जाहीरपणे मागे घेत आहे. त्या वहीत मी पुढीलप्रमाणे लिहायला हवे होते: 'जळवांची सोय चोख आहे. ती तशीच ठेवावी. काही तरी करायचेच असेल तर आमचे करावे.' व्यवस्थापकांनाही पत्राची प्रत धाडतो आहे. त्यांच्याकडून उत्तर येईल असे वाटत नाही. आपल्याकडून मात्र पुढच्या आषाढात अपेक्षा आहे. पायात मोजे घालणार नाही.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहायची आमच्यात रीत आहे. इतकी वर्षे न विचार करता लिहीत आलो. आज पहिल्यांदा त्या शब्दाशी हात थांबला. आपला लोभ मी पाहिला आहे. तो चमचाभर असतो आणि अर्ध्या तासात संपतो. आमच्यातही असावा तर तेवढाच असावा, ही विनंती.

आपला,
अजून काही महिने आपल्या पोटी नोंद असलेला,
खोली क्रमांक चार